पत्रकात छापलेली गया

माझ्यासारख्या माणसाने लेखणी उचलली की बियाणे, खते, नाही तर हुमणीची अळी, असा तुमचा समज होणार. त्यात तुमची चूक नाही. गेली तीस वर्षे मी तेच सांगत आलो आहे. आज मात्र शेतीचे बोलणार नाही. माझ्याच घरची एक फजिती सांगणार आहे, आणि ती सांगताना थोडी लाज वाटते हेही आधीच कबूल करतो.

ऊस कारखान्याला गेला, ज्वारी निसवायला लागली, की आपल्याकडे यात्रेचे दिवस येतात. पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीच्या भिंतीवर रंगीत पत्रके चिकटतात. २०२२ च्या दिवाळीनंतर असेच एक पत्रक आमच्या घरी आले. आणणारा माणूस शेजारच्या गावचा, तोंडओळखीचा. पत्रकावर छापले होते : ‘प्रयाग, अयोध्या, काशी, गया. बारा दिवस. टू बाय टू पुशबॅक बस. दोघांस एक स्वतंत्र खोली, संडास-बाथरूम जोडून. दोन वेळचे घरगुती जेवण. माणशी १६,५०० रुपये.’

आमचे वडील २०१९ साली गेले. तेव्हापासून आईच्या मनात एकच होते, गयेला जाऊन त्यांचे पिंडदान व्हावे. विष्णुपदाचे आजचे देऊळ आपल्या अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले, १७८७ साली. ही गोष्ट आईला तिच्या सासूने सांगितली होती, आणि गयेच्या पंड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, त्यात आपल्या घरचे कुणी येऊन गेले असेल तर नाव सापडते, हेही. पत्रकातले ‘गया’ हे दोन अक्षरांचे नाव वाचून दाखवल्यावर तिने पुढचे काही ऐकलेच नाही. बांधावरचे काळे तीळ पाखडून, निवडून तिने एका फडक्यात बांधले. पिंडाला घरच्या रानातले तीळ असावेत, एवढीच तिची हौस.

मी, आई आणि आमची मंडळी, असे तिघे. ४९,५०० रुपये. त्यातले पंधरा हजार मी आगाऊ रोख दिले. पावती मागितली का? नाही मागितली. त्याने आपल्या नावाच्या कार्डाच्या पाठीमागे ‘१५,००० जमा’ असे लिहून दिले. सही नाही, तारीख नाही. मी ते खिशात घातले. उरलेले ३४,५०० निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीने फोनवरून त्याच्या खात्यात भरले, ते केवळ माझ्याकडे रोख नव्हते म्हणून.

आता गंमत पाहा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, हे तुमच्या लक्षात असेल. आमच्या तालुक्यात त्या वेळी मी रानोरान हिंडून पंचनामे केले. प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न ठरलेला : पक्के बिल आहे का? पिशवी ठेवली का? पिशवीला शिवलेले लेबल, त्यावरचा लॉट नंबर? ज्याच्याकडे हे नव्हते त्याला मी चार शब्द ऐकवलेही आहेत. आणि तोच मी, राहुरीचा बी. एस्सी. ॲग्री, पन्नास हजारांचा व्यवहार कार्डाच्या पाठीवर करून मोकळा झालो. देवाच्या कामात पावती कसली मागायची, असे वाटले. शिवाय माणूस ओळखीचा.

यातली खरी बोच वेगळीच आहे. त्या गृहस्थाने गावोगाव सांगितले होते, ‘आपले शेतीचे साहेब सहकुटुंब येताहेत.’ त्या एका वाक्यावर किती जागा भरल्या हे मला गाडीत बसल्यावर कळले. आम्ही बेचाळीस प्रवासी होतो. त्यातले निम्मे तरी मला पाहून आलेले.

२०२३ च्या जानेवारीत निघालो. गाडी आली ती टू बाय टू नव्हतीच. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन, अशी जुनी बाकडी. पाठ मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आमच्यात होते, त्यांना सगळे मास्तरच म्हणत. त्यांनी चढल्या चढल्या सीटा मोजल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “साहेब, ही गाडी लग्नाच्या वऱ्हाडाची हाय. बारा दिवसांची न्हवं.” आयोजकाने हात जोडले, ठरलेली गाडी ऐन वेळी बिघडली, नागपुरात बदलून देतो म्हणाला. नागपूर गेले, जबलपूर गेले, रीवा गेले, गाडी तीच. आईच्या गुडघ्यांचे काय झाले ते सांगत बसत नाही.

प्रयागला उतरलो तर खोल्या नाहीत. एका धर्मशाळेचा मोठा दिवाणखाना, खाली सतरंज्या, बेचाळीस माणसे आणि दोन संडास. बायामाणसे पहाटे तीनला उठून रांग लावीत. पुरुषमंडळींना त्याचे फारसे काही वाटले नाही हे मी पाहत होतो. ‘यात्रा म्हटली की हाल आलेच’, असे म्हणून ते कूस बदलत. हाल सोसण्याला माझी ना नाही. पंढरीची वारी आपण चालतोच, उघड्यावर झोपतो. पण तिथे आपल्याला कुणी स्वतंत्र खोलीचे पैसे मागितलेले नसतात. ज्या गोष्टीचे दाम घेतले ती दिली नाही, तर त्याला तपश्चर्या म्हणायचे कारण नाही. अयोध्येला तोच प्रकार, काशीला खोल्या मिळाल्या पण एकेका खोलीत सहा-सहा जणांना घातले. जेवण मात्र चांगले होते. आचारी आपल्याच भागातला, पिठले-भाकरी, वरण-भात वेळेवर. हेही सांगितले पाहिजे, कारण पुढे तक्रारीतही आम्ही ते तसेच लिहिले.

काशीच्या तिसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर आयोजक म्हणाला, “मंडळी, गयेचा रस्ता खराब आहे, गर्दीपण फार आहे. काशीत पिंडदान केलं तरी तेवढंच पुण्य. उद्या सकाळी परतीला निघायचं.”

कुणी बोलेना. पिंडदानासाठी आलेली आमच्यासारखी पाच कुटुंबे होती. मी उठून विचारले, काशीहून गया अडीचशे किलोमीटर, एक दिवसाचा रस्ता, मग अडचण काय? तो म्हणाला, कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार आयोजकांना आहे, पत्रकावर लिहिले आहे. पाहिले तर खरेच खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ते छापले होते. त्याखाली, वाद झाल्यास अमुक शहराच्याच कोर्टात, असेही होते. खरे कारण मास्तरांनी रात्री ड्रायव्हरशी तंबाखू मळता मळता काढून घेतले. परतल्यावर चौथ्या दिवशी ती गाडी एका लग्नाला ठरलेली होती.

आईने काही म्हटले नाही. तिळाची पुरचुंडी उशाखालून काढली, पिशवीच्या तळाशी ठेवली आणि पिशवीची दोरी ओढली. मला ते पाहवले नाही.

त्या रात्री मी वेगळ्या वाहनाने आईला घेऊन गयेला का गेलो नाही, असे तुम्ही विचाराल. विचार केला होता. पण तिचे गुडघे सुजले होते, जवळ पैसे मोजकेच, आणि बाकीच्या चार कुटुंबांना तिथेच टाकून जाणे मला जमले नाही. माझ्याकडे पाहूनच ती आली होती.

मग मला जे येते ते मी केले. मी पंचनामा केला. सोयाबीनच्या रानात करतो तसाच. वहीचे पान घेतले, तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर, सीटांची मांडणी, कुठल्या गावी किती माणसे कशी झोपली, गया रद्द केल्याचे कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितले, हे सगळे लिहिले. मास्तरांनी जुन्या सवयीने रोजचे सुटण्या-पोचण्याचे वेळ डायरीत टिपून ठेवले होते, ते सोनेच निघाले. एका काकूंच्या नातीने फोनवर गाडीचे, दिवाणखान्याचे, रांगेचे फोटो काढले होते. खाली सह्या मागितल्या. बेचाळिसांपैकी सह्या आल्या तेरा जणांच्या.

बाकीच्यांना दोष देत नाही. “देवाच्या दारातनं येऊन कज्जा कशाला?” हे माझी आईच म्हणाली. कुणाला वाटले, तक्रार केली तर यात्रेचे पुण्य जाईल. कुणाचा त्या आयोजकाशी सोयरसंबंध. कुणी म्हणाले, साहेब, तुमी शिकलेले, तुमी भांडा. पुण्य एवढे कच्चे असेल असे मला वाटत नाही, पण वादही घातला नाही.

परत आल्यावर आठच दिवसांनी तो गृहस्थ अंधार पडता पडता घरी आला. बरोबर पाकीट. “साहेब, तुमच्या घरचे तिघांचे सगळे पैसे परत. बाकीच्यांच्यात तुम्ही पडू नका, एवढंच.” मी त्याला चहा पाजला आणि उद्या सांगतो म्हणालो. खोटे कशाला बोलू, दोन रात्री मी विचार केला. ४९,५०० ही आमच्या घरी लहान रक्कम नव्हे. मुलीची फी भरायची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी म्हणाली, “अहो, ती माणसं तुमच्या नावावर गाडीत बसली होती. पैसे घेतले तर त्यांच्या दारावरून कसं जाणार?” मी पाकीट परत पाठवले.

इथून पुढचा भाग तुमच्या उपयोगाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. २४ डिसेंबर हा दिवस त्याचाच. मी त्या वेळी शाळेत होतो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे देऊन वस्तू घेणारा तो ग्राहक, तसाच पैसे देऊन सेवा घेणाराही ग्राहक. यात्राकंपनी, लॉज, तिकीट काढून देणारा, हे सगळे सेवा देणारेच. कबूल केलेले न देणे ही सेवेतील त्रुटी. जे देणार नाही ते छापणे ही दिशाभूल करणारी जाहिरात. आणि बिल किंवा पावती न देणे हीदेखील नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरली आहे. म्हणजे कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून देणारा चुकला, तसा तो आकडा घेऊन गप्प बसणारा मीही वेडा ठरलो. शेतकऱ्यांच्या बाबतीत तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बियाण्याच्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितले आहे की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. तेव्हा हा कायदा शहरातल्या लोकांसाठी, ही समजूत काढून टाका.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग असतो. पूर्वी त्याला मंच म्हणत. दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपले आपण मांडता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आणि आपल्यासारख्यांच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी की नव्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. पत्रकावर दुसऱ्या शहराचे कोर्ट छापलेले पाहून मी घाबरलो होतो, ती भीती इथे गेली.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीतून बोलता आले. त्यांनी नोंद घेतली, त्याचा क्रमांक दिला आणि समोरच्याला कळवले. त्याने दाद दिली नाही. फेब्रुवारीत रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, पंधरा दिवस दिले. उत्तर नाही. मग एप्रिलमध्ये तेरा जणांची मिळून एकच तक्रार केली. सारखी गाऱ्हाणी असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने तसे करता येते. तेरा जणांचे मिळून भरलेले पैसे होतात २,१४,५०० रुपये, म्हणजे फी शून्य.

कागद जुळवताना माझी परीक्षा झाली. पत्रक आईने देवघरात, पोथीखाली ठेवले होते. ते फाडून टाकले असते तर सगळेच मुसळ केरात. मुलीने फोनवरून भरलेल्या पैशांचा बँकेचा उतारा मिळाला. आयोजकाने व्हाट्सॲपवर पाठवलेला दिवसवार कार्यक्रम होता, त्यात दहाव्या दिवशी ‘गया, पिंडदान, मुक्काम’ असे त्याच्याच हातचे. फोटो, मास्तरांची डायरी, माझा पंचनामा आणि प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र. आयोगात बहुतेक काम कागद आणि प्रतिज्ञापत्रावरच चालते. माझे पंधरा हजार रोख मात्र लटकले. त्या कार्डाला किंमत किती, असे समोरच्या वकिलाने विचारले तेव्हा मला सोयाबीनची रिकामी पिशवी हातात घेऊन उभा असलेला शेतकरी आठवला, ज्याला मी बिलावरून बोललो होतो. अखेर त्याच्याच कार्यक्रम-पत्रावर ‘पूर्ण रक्कम १६,५००’ असे होते आणि पूर्ण पैसे दिल्याखेरीज तो गाडीत बसवीत नव्हता हे त्याने कबूल केले, म्हणून निभावले.

विरुद्ध पक्षाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. त्याने शेवटच्या दिवशी दिले. म्हणणे असे की सर्वांनी दर्शन घेतले, जेवण केले, वाटेत कुणी तक्रार केली नाही, आणि बदलाचा अधिकार छापलेलाच होता. पहिल्या गोष्टीला मास्तरांची डायरी उत्तर होती. दुसरीबद्दल मी एवढेच म्हणालो की दरड कोसळली, पूर आला, रस्ता बंद झाला, तर कार्यक्रम बदलावा. आम्ही हूं की चूं करणार नाही. पण स्वतःची गाडी दुसऱ्याच्या लग्नाला द्यायची म्हणून माझ्या बापाचे पिंडदान रद्द करण्याचा अधिकार त्या ओळीत बसत नाही. बोलताना आवाज चढला. अध्यक्षांनी हाताने बसायची खूण केली.

तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. आमची चौदा महिने चालली. आठ तारखा. प्रत्येक तारखेला एस.टी.चे भाडे, एक दिवसाची रजा, मास्तरांचा दमा. मध्यस्थीचा मार्गही आयोगाने सुचवला होता, तो त्याने नाकारला. तेरातले दोघे मध्येच म्हणाले, सोडा हो साहेब. मी सोडले नाही याचे श्रेय मला नको. मला लाज वाटत होती आणि ती फेडायची होती, एवढेच.

जून २०२४ मध्ये निकाल लागला. बस आणि निवास ठरल्याप्रमाणे दिले नाहीत म्हणून माणशी ४,५०० परत. गया वगळल्याबद्दल पिंडदानासाठी आलेल्या पाचही कुटुंबांना प्रत्येकी १०,०००. खर्चापोटी सर्वांना मिळून ५,०००. मुदत ४५ दिवस. आम्ही पूर्ण रक्कम मागितली होती, ती मिळाली नाही. प्रवास झाला, जेवण झाले, तीन क्षेत्रे झाली, हे आयोगाने धरले. मला ते बरोबर वाटते, मास्तरांना अजून वाटत नाही. आदेश पाळला नाही तर वसुली होते, शिवाय तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे, हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितले असावे. चाळिसाव्या दिवशी पैसे जमा झाले.

त्या गृहस्थाचा धंदा अजून चालू आहे. यंदाचे त्याचे पत्रक पाहिले. ‘बस उपलब्धतेनुसार, निवास सामुदायिक’ असे त्याने आता मोठ्या अक्षरांत छापले आहे आणि दर दोन हजारांनी कमी ठेवला आहे. हे वाचून मला बरे वाटले. सतरंजीवर झोपून जायचे तर तसे सांगून न्या, आमची माणसे आनंदाने जातील.

तुम्ही यंदा कुठे निघणार असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. कुठल्या गावी कोणत्या लॉजला उतरणार, त्याचे नाव घ्या आणि फोन करून पाहा. गाडी कुठली, तिचा नंबर काय. बेत रद्द झाला तर किती पैसे परत, हे लिहून घ्या. पैसे शक्यतो खात्यात भरा आणि सही-तारखेची पावती घ्या, समोरचा मामा असला तरी. फोनवर खोलीचे फोटो पाहून बुकिंग करणारी पोरे घरात असतील तर त्यांना सांगा, जे दाखवले त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण तो नंतर बदलतो. आणि तिथे गेल्यावर दिसले नाही तर तिथेच, त्याच दिवशी, लेखी कळवा. व्हाट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. आम्ही प्रयागलाच लिहिले असते तर कदाचित पुढचे सुधारले असते.

पैसे आले त्या दिवशी मी आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, “आरं, पर गयेचं काय?” या प्रश्नाला आयोगाकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्या वर्षी तिच्या गुडघ्यांमुळे जमले नाही. आता दिवाळीनंतरची तिकिटे काढली आहेत. मुंबईहून हावड्याला जाणारी मेल गयेवरून जाते. आम्ही तिघे, आणि मास्तर येतो म्हणाले आहेत. जुनी पुरचुंडी सोडून पाहिली तर तीळ खवट झालेले. आईने ते चिमण्यांना टाकले. यंदाचे तीळ काढून झाले आहेत, ओट्यावर वाळत घातले आहेत.